हवा मानवते म्हणजे काय

अकोल्याला माझ्या आत्याच्या घरी माडीवर एक खोली आहे. वर सिमेंटचा स्लॅब, पश्चिमेला नऊ इंची विटांची भिंत, त्या भिंतीत ॲल्युमिनिअमची सरकती खिडकी. मे महिन्यात बाहेर पारा ४४ च्या घरात असतो, पण त्या खोलीची खरी परीक्षा दुपारी नसते. दुपारी तीनला तिथे कसंबसं बसवतं. रात्री आठला, बाहेर अंगणात बरं वाटू लागलेलं असताना, खोलीत पाऊल टाकवत नाही. "ऊन उतरलं तरी हे छत काही उतरत नाही," असं आत्या म्हणायची. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. त्यात वास्तुभौतिकीचं एक अख्खं प्रकरण आहे, हे कळायला मला इंजिनिअर होऊन पंधरा वर्षं जावी लागली.

एका उन्हाळ्यात मी तिला भिंतीवरचं तापमापक दिलं, आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र दिलं आणि रेघा आखलेली एक वही दिली. दिवसातून चार वेळा आकडे लिहायचे आणि शेवटच्या रकान्यात आपल्याला कसं वाटतंय त्याचा क्रमांक टाकायचा. हा क्रमांक उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. उणे तीन म्हणजे थंडी वाजतेय, शून्य म्हणजे ना थंड ना गरम, अधिक तीन म्हणजे फार गरम. जगभरचे संशोधक गेली अनेक दशकं हीच सात पायऱ्यांची मोजपट्टी वापरत आले आहेत. आत्याने तीन दिवस इमानाने क्रमांक टाकले. चौथ्या दिवसापासून रकाना तोच राहिला, पण त्यात शब्द यायला लागले. "धग." "झळा." "वारा पडलाय." "अंगाची काहिली." एका पावसाळी संध्याकाळी "नुसती चिकचिक." सकाळी सहाला "झुळूक, बरं."

वही हातात आली तेव्हा आधी मी हिरमुसलो, कारण शब्दांची सरासरी काढता येत नाही. मग तिचे शब्द आणि शेजारचे आकडे एकमेकांसमोर ठेवून वाचायला लागलो, आणि वाचतच राहिलो. जिथे "धग" होतं तिथे हवेचं तापमान फारसं वाढलेलं नव्हतं, पण वेळ संध्याकाळी सात ते दहाची होती. छत तापलेलं होतं. जिथे "चिकचिक" होतं तिथे पारा चक्क खाली आलेला होता, आर्द्रता मात्र पंच्याहत्तरच्या वर होती. "वारा पडलाय" त्या वेळी दोन्ही आकडे कालच्याइतकेच होते. मोजलं नव्हतं ते फक्त हवेचा वेग. तिच्या रकान्यात माझ्या यंत्रांहून जास्त माहिती होती.

हे पुस्तक ज्या विषयाबद्दल आहे त्याला मराठीत अजून एक ठरलेलं नाव नाही. कमी वीज खाणाऱ्या, राहायला सुखाच्या इमारती आणि त्यांतल्या यंत्रणा यांचा अभ्यास, असं लांबलचक सांगावं लागतं. पण या अभ्यासाच्या मुळाशी जी कल्पना आहे तिला आपल्याकडे चांगला, रोजच्या वापरातला शब्द आहे. एखाद्या गावची हवा आपल्याला "मानवते" किंवा "मानवत नाही". गार, गरम हे हवेबद्दलचे शब्द आहेत. मानवणं हा हवा आणि माणूस या दोघांमधला मामला आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी त्याचाच पाठपुरावा केला आहे.

शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकत असतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. ती टाकता आली नाही तर शरीर आतून तापत जाईल. उष्णता जाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. थोडी अंगाला लागून वाहणाऱ्या हवेबरोबर जाते, थोडी भोवतीच्या भिंती-छताकडे किरणांच्या रूपात जाते, थोडी घाम वाळताना जाते. त्वचेचं तापमान सुमारे ३४ अंश असतं. हवा त्याहून गरम झाली की पहिली वाट उलटी वाहू लागते. छत त्याहून गरम झालं की दुसरीही. मग उरतो फक्त घाम, आणि हवा दमट असेल तर तोही वाळत नाही. आत्याची झळ, धग आणि चिकचिक म्हणजे या तीन वाटा एकेक करून बंद होणं.

पॉवल ओले फांगर या डॅनिश संशोधकाने हा सगळा हिशेब समीकरणात बसवला. त्याचं पुस्तक १९७० मध्ये आलं. हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचं तापमान, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम, या सहा गोष्टी कळल्या की त्या खोलीतली माणसं सरासरीने सात पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीवर बोट ठेवतील, हे त्यावरून आधीच सांगता येऊ लागलं. अमेरिकेतल्या आणि डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांना नियंत्रित हवेच्या खोल्यांत बसवून केलेल्या प्रयोगांवर हे समीकरण उभं होतं. त्यात एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. सगळं अगदी जुळून आलं तरी शंभरातली पाच माणसं नाराजच राहतील, असं फांगरचं सूत्र स्वतःच सांगतं. मला या प्रामाणिकपणाचं फार अप्रूप वाटतं. पुढे हे सूत्र आंतरराष्ट्रीय मानकांत गेलं आणि जगभरच्या वातानुकूलन करणाऱ्यांच्या हातात पोचलं. हातात पोचताना त्यातला माणूस गळून पडला आणि एक आकडा उरला. भारतातल्या काचेच्या इमारतींत तो आकडा वर्षानुवर्षं २२ होता.

वातानुकूलनाच्या यंत्राचा जन्मही माणसासाठी झालेला नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग सरकायचे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतली आर्द्रता ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली ती त्या कागदासाठी. कागदाला एकच आकडा लागतो, आणि तो वर्षभर तोच लागतो. माणसाचं तसं नसतं. तरीही आपण पुढची शंभर वर्षं माणसाला कागदासारखंच वागवत आलो, असं माझं मत आहे आणि या पुस्तकात ते जागोजागी दिसेल.

या मताला आधार आहे तो बराचसा आपल्याच देशात गोळा झालेल्या निरीक्षणांचा. सी. जी. वेब या ब्रिटिश संशोधकाने उष्ण प्रदेशांत माणसांना त्यांच्या रोजच्या जागी, रोजच्या कपड्यांत गाठून, "कसं वाटतंय" हे विचारण्याची पद्धत वापरली. त्या निरीक्षणांत एक ठिकाण होतं रुरकी आणि एक बगदाद. फर्गस निकोल यांनी त्या नोंदींचं विश्लेषण १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. प्रयोगशाळेतलं सूत्र ज्या तापमानाला लोक वैतागतील म्हणत होतं, त्याहून बऱ्याच वरच्या तापमानाला तिथली माणसं निवांत होती. हे सोशिकपण नव्हतं. माणसं पंखा लावत होती, कपडे बदलत होती, पाणी पीत होती, जागा बदलत होती, आणि त्यांचं शरीर त्या ऋतूला सरावलेलं होतं. निकोल आणि मायकेल हम्फ्रीज यांनी यातून जो विचार मांडला त्याचा गाभा असा, की हवा मानवेनाशी झाली की माणूस ती मानवून घेण्यासाठी काहीतरी करतो. म्हणून त्याला काहीतरी करता येईल अशी इमारत हवी. पुढे रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी जगभरच्या इमारतींतल्या नोंदी एकत्र करून १९९८ मध्ये हेच मोठ्या आधारासह दाखवलं.

भारतापुरतं हे काम अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात झालं. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या १६ कार्यालयीन इमारतींत, तीन ऋतूंत, लोकांना विचारून सहा हजारांवर उत्तरं गोळा केली गेली. त्यातून २०१४ मध्ये जे सूत्र निघालं ते नैसर्गिक हवा खेळणाऱ्या इमारतींसाठी इतकं सोपं आहे की पोस्टकार्डाच्या पाठीवर मावेल. गेल्या ३० दिवसांतलं बाहेरचं सरासरी तापमान घ्या, त्याला ०.५४ ने गुणा, त्यात १२.८३ मिळवा. बाहेरची सरासरी ३० असेल तर उत्तर येतं २९. सरासरी २० असेल तर २३.६. म्हणजे एकाच खोलीतल्या एकाच माणसाला जानेवारीत जे मानवतं त्याहून सव्वापाच-साडेपाच अंश जास्त एप्रिलमध्ये मानवतं. बाविसाचा हट्ट धरणाऱ्या यंत्रखोलीसमोर हे सूत्र मोठ्या अक्षरांत लावावं, असं मला मनापासून वाटतं. ही पाहणी कार्यालयांतली होती. घरातली माणसं कार्यालयातल्यासारखी राहत नाहीत, फरशीवर आडवी होतात, गच्चीवर झोपायला जातात. सेप्टने पुढे घरांमध्येही अशी पाहणी केली, ते या विषयाला आलेलं दुसरं मोठं वळण.

कपड्यांचा मुद्दा इथे थोडा थांबून सांगायचा आहे, कारण तो आपला आहे. कपड्यांची ऊब मोजण्याचं एक एकक आहे. एका माणसाच्या कोट-पँटच्या सुटाची ऊब म्हणजे साधारण एक, असं ते १९४१ मध्ये ठरलं. मानकांच्या कोष्टकात शर्ट आहे, स्कर्ट आहे, मोजे आहेत. साडी कित्येक वर्षं धड नव्हती. माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडीची ऊब पुतळ्यावर रीतसर मोजली, वेगवेगळ्या पद्धतींनी नेसवून. त्यातून जे दिसलं ते प्रत्येक घरात दिसतं. साडी हा एकच कपडा नाही. पदर खोचला की तिची ऊब वेगळी, खांद्यावरून लपेटून घेतला की वेगळी. काम करता करता, कुणाचं लक्षही न जाता, बाई दिवसभर आपल्या अंगावरचं तापमान बदलत असते. कार्यालयात हाच पदर लपेटून घेतलेला दिसतो, कारण वरच्या जाळीतून थंड हवा मानेवर पडत असते.

ती जाळी मी बसवलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्यातल्या एका कार्यालयाच्या वातानुकूलनाचं काम माझ्याकडे होतं. गणित बरोबर होतं, नकाशे मंजूर झाले, डक्ट घट्ट होत्या, हवेचा प्रवाह मोजून दिला. तापमान राखणारं उपकरण मी एका खांबावर लावलं. वर्षभराने दुसऱ्या कामासाठी तिथे गेलो, तर त्या खांबाशेजारी झेरॉक्सचं मशिन आलेलं होतं. मशिनच्या गरम हवेने उपकरणाला वाटायचं की मजला तापलाय, आणि अख्खा मजला गारठायचा. छताच्या जाळ्यांवर पुठ्ठे चिकटवलेले होते. दोन बायका स्वेटर घालून बसल्या होत्या, बाहेर एप्रिल होता. एकीने मला सांगितलं की घरी गेल्यावर खांदा शेकावा लागतो. त्या वर्षभरात कुणी मला फोन केला नव्हता, कारण मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं. इमारत ताब्यात दिली की आमचा संबंध संपतो, अशी त्या वेळी रीत होती आणि अजूनही बहुतेक ठिकाणी आहे. कागदावर ठरवलेली वीज आणि प्रत्यक्षात जळणारी वीज यांच्यात जो फरक पडतो, त्याचं मोठं कारण या रीतीत आहे. माणसं राहायला गेल्यानंतर इमारत कशी वागते, याचा अभ्यास म्हणूनच या पुस्तकात दोन प्रकरणं घेऊन बसला आहे.

आता छताकडे येतो. मे महिन्याच्या भर दुपारी सपाट छताच्या दर चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. करडं सिमेंट त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं. चार-सहा इंच काँक्रीटमधून ती उष्णता आत पोचायला काही तास लागतात, म्हणून बाराचं ऊन संध्याकाळी खोलीत उतरतं. आत्याच्या छताचा आतला पृष्ठभाग संध्याकाळी सातला मी ४५ अंश मोजला. त्याखाली पंखा फिरवला की तो छताला चिकटलेली तापली हवा ढवळून खाली आणतो. इथे यंत्राची चूक नाही. चूक त्याच्या डोक्यावर आहे.

आपल्या जुन्या घरांना हे ठाऊक होतं, असं म्हणायची सध्या पद्धत आहे. मी ते जपून म्हणेन. सोलापूरकडची माळवदं, वऱ्हाडातली धाब्याची घरं यांच्या जाड मातीच्या थरातून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर घर अंगणात झोपलेलं असायचं. कोकणात जड छप्पर उपयोगाचं नाही, कारण तिथे दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरकच नसतो. तिथे कौलं लागतात, फटींतून वारा खेळवणारी, आणि भिंतीला ऊन-पाऊस लागू न देणारी पडवी लागते. हे शहाणपण खरं आहे. पण त्याच घरांच्या माजघरात दिवसाही कंदील लागायचा, आणि स्वयंपाकघरातला चुलीचा धूर बायकांच्या छातीत जायचा. जुनं घर हे उत्तर नाही. उत्तर शोधण्याची एक रीत त्यात आहे, की आधी जागा कुठली ते पाहा. चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत १९८३ मध्ये पुऱ्या झालेल्या कांचनजंगा इमारतीत हेच केलं. पश्चिमेला समुद्राचा देखावा, पश्चिमेलाच कडक ऊन आणि पावसाचा मारा. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना उंच गच्च्यांच्या रूपात आकाशात नेली आणि खोल्यांना त्यांच्या आड ठेवलं.

आज बांधल्या जाणाऱ्या बहुसंख्य घरांत असा आड नाही. मुंबई-पुण्याभोवती मिवान पद्धतीने, ॲल्युमिनिअमच्या साच्यात भिंत आणि स्लॅब एकत्र ओतून, मजला आठवडा-दहा दिवसांत चढतो. काम सुबक होतं, गळती कमी होते, घर लवकर मिळतं. पण काँक्रीटची पातळ भिंत विटेच्या किंवा हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा उष्णता फार सहज आत सोडते. पश्चिमेच्या बेडरूममध्ये झोपणाऱ्याला हे कुणी सांगावं लागत नाही. निवासी इमारतींसाठी केंद्राने २०१८ मध्ये आणलेली इको निवास संहिता इथे नेमकं बोट ठेवते. भिंती आणि खिडक्या मिळून घरात जी उष्णता शिरते ती दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या वर जाऊ नये, आणि छताचा उष्णता-पारगम्यतेचा आकडा, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून जाणारे वॅट, १.२ च्या आत असावा. उघड्या स्लॅबचा हा आकडा त्याच्या तिप्पट असतो.

याच संहितेत एक नियम आहे, जो मला सगळ्यांत आवडतो. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र फरशीच्या किमान एक-षष्ठांश हवं. "उघडणाऱ्या" हा शब्द महत्त्वाचा. आपली सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन बसते. बिल्डरच्या पत्रकात भिंतभर खिडकी दिसते. वाऱ्याला तिच्यातला अर्धा भागच मिळतो आणि ऊन मात्र पूर्ण काचेतून येतं. भारत आणि स्वित्झर्लंड यांच्या संयुक्त प्रकल्पाच्या मदतीने राजकोटला स्वस्त घरांची जी वसाहत झाली, तिथे खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या केल्या आणि झडपेचा बराच भाग काचेऐवजी अपारदर्शक ठेवला. वारा आत, ऊन बाहेर. अशा साध्या गोष्टीवर संशोधन लागतं का, असं कुणी विचारेल. लागतं, कारण ती केल्याने खोली किती अंश उतरते हे मोजून दाखवल्याशिवाय ती कुणी करत नाही.

भिंत आणि छत आपलं काम करून राहिलं की मग यंत्र. इथेही जागा आधी. अकोल्याचा कूलर मुंबईत का चालत नाही, हे प्रत्येकाला अनुभवाने माहीत असतं. त्यामागचं गणित असं. ४४ अंशांची आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून नेली, तर ती जास्तीत जास्त २२-२३ पर्यंत उतरू शकते. चांगला कूलर तिला २७ पर्यंत आणतो. मुंबईची ३३ अंशांची, ७० टक्क्यांची हवा त्याच ताट्यांतून गेली तर २८ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि जाईल ती ओलीचिंब होऊन. वऱ्हाडात पाणी शिंपडून मिळणारा गारवा हे मोठं देणं आहे. तरी नागपूर-अकोल्यातही नवे फ्लॅट असे बांधले जातात की कूलरची ओली हवा बाहेर जायला दुसऱ्या बाजूला खिडकीच नसते. मग लोक एसी घेतात.

पंख्याला आपण यंत्रांत धरत नाही, आणि तो सगळ्यांत मोठा धर्मात्मा आहे. अंगावर सेकंदाला एक मीटर वेगाने वारा आला तर खोली तीनेक अंश गार असल्यासारखं वाटतं. जुना छतपंखा त्यासाठी ७०-७५ वॅट घेतो, नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा २८-३०. दीड टनाचा एसी हजार-दीड हजार वॅट. एसी २६-२७ वर ठेवून सोबत पंखा लावणं ही या पुस्तकातली सर्वांत स्वस्त शिफारस आहे. एसीचा आकडा एक अंश वर नेला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज आहे, आणि २०२० च्या जानेवारीपासून खोल्यांचे नवे एसी मुळातच २४ वर लावून येतात. दमट गावात गरजेपेक्षा मोठा एसी घेण्याचा तोटा मात्र कुणी सांगत नाही. तो पाच मिनिटांत हवा गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण ओलसर राहते. आत्याच्या भाषेत, थंड चिकचिक.

मोठ्या इमारतींच्या यंत्रणांत एक प्रयोग मला विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने २०११ मध्ये एक इमारत बांधली आणि तिचे दोन सारखे भाग केले. एका भागात चांगल्यातली चांगली, नेहमीची, डक्टमधून गार हवा देणारी यंत्रणा. दुसऱ्या भागात स्लॅबमध्येच नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवलं. पाणी बर्फासारखं नको, १४-१५ अंशांचं पुरतं, कारण तेवढ्याच आकारमानात ते हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. छत गार राहिलं की माणसाचं अंग किरणांच्या वाटेने उष्णता छताकडे टाकतं. आत्याच्या खोलीत जे छत धग देतं, ते इथे धग शोषून घेतं. बाहेरून येणारी ताजी हवा आधी कोरडी केली नाही तर छतालाच दव फुटेल, म्हणून ते काम वेगळ्या यंत्राकडे. दोन वर्षांच्या मोजणीत गार स्लॅबच्या भागाने सुमारे ३४ टक्के कमी वीज घेतली. एकाच छपराखाली, एकाच उन्हात, एकाच कामाच्या माणसांत तुलना केली, हे त्या प्रयोगाचं मोल. इमारतींच्या संशोधनात इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो.

पण वीज वाचवायला आधी वीज लागते आणि यंत्र घ्यायला पैसे. मुंबईतल्या मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ आहेत की खालच्या मजल्यांना दिवसा दिवा लावावा लागतो. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी तिथे घरांमधला उजेड, वारा आणि क्षयरोग यांचा संबंध तपासला. जिथे ऊन-वारा पोचत नाही तिथे क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. "कोंदट" हा शब्द माझ्या आत्याच्या वहीत नव्हता, कारण अकोल्याच्या माडीवर वारा तरी होता. मानखुर्दच्या वहीत तोच पहिला आला असता. दोन इमारतींमधलं अंतर नकाशावर ठरतं, आणि एकदा ठरलं की साठ-सत्तर वर्षं कुठलाही पंखा ते दुरुस्त करू शकत नाही. आपल्या विषयाची सर्वांत मोठी यंत्रणा ही आहे, असं माझं ठाम मत आहे. मार्च २०१९ मध्ये देशाने शीतकरणाचा जो कृती आराखडा जाहीर केला, त्यात २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची गरजच २० ते २५ टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट आहे, आणि सर्वांना मानवेल अशी हवा मिळावी हा शब्दही आहे. तो शब्द मानखुर्दच्या खालच्या मजल्यावर मोजला जावा.

हे पुस्तक विद्यार्थ्यांसाठी आहे, साइटवर उभ्या राहणाऱ्या सुपरवायझरसाठी आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे अशा कुणासाठीही. यातली गणितं आठवी-नववीच्या पुढची नाहीत. जिथे तांत्रिक शब्द अडला तिथे मी आधी लोक काय म्हणतात ते ऐकलं आणि तो शब्द चालतो का पाहिलं. बऱ्याचदा चालला. पहिलं प्रकरण वाचण्याआधी आपल्या खोलीत रात्री आठला छताखाली हात वर करून उभं राहावं आणि मग भिंतीजवळ जाऊन तळहात टेकवावा, एवढी एक विनंती आहे.

आत्याच्या माडीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या मार्चमध्ये गच्ची धुऊन काढली आणि तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. पूर्वेच्या भिंतीत, जिथे काहीच नव्हतं, तिथे गवंड्याकडून छताजवळ एक आडवा झरोका पाडून घेतला. सरकती खिडकी काढून दोन झडपांची लावली आणि बाहेरून बांबूचा पडदा टांगला. मे महिन्यात संध्याकाळी सातला छत मोजलं, ते ३९ होतं. ३९ म्हणजे गार नव्हे, त्वचेहून ते अजून पाच अंश वरच होतं. वही मी तीच दिली होती, मागच्या कोऱ्या पानांसह. जूनमध्ये घेऊन पाहिली तर दुसऱ्या उन्हाळ्याची पानं पहिल्याच्या निम्मीही नव्हती, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यानंतर तर काहीच नव्हतं. मी विचारलं, आत्या, लिहायचं का सोडलंस?

"अरे, लिहिण्यासारखं काही नव्हतंच," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.